हट्टी पिल्लाला 'बस', 'थांब', 'ये' शिकवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"बस. बस ना. ए, बस! बस म्हटलं ना!" एवढं झाल्यावर कुत्र्याचं पिल्लू एकदाचं बूड टेकवतं आणि घरचे म्हणतात, फार हट्टी आहे. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्याने शिकवलं तेच केलं. रोज पाचव्या हाकेनंतर खाऊ मिळत असेल, तर हुकूम पाच हाकांचा असतो असंच ते धरून चालणार.

हट्टी म्हणवल्या जाणाऱ्या पिल्लांची गाडी बहुतेक वेळा तीन ठिकाणी अडते. शब्दाचा अर्थच कळलेला नसतो. किंवा कळलेला असतो, पण जमिनीवरच्या वासापुढे तुमच्या हातातला खाऊ त्याला फिका वाटतो. किंवा ते पेंगुळलेलं, घाबरलेलं नाहीतर दुखणाईत असतं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि आवाज चढवणं यांतल्या एकाचाही उपाय नाही.

खालचा क्रम ८ आठवड्यांपासून पुढच्या पिल्लांसाठी आहे. मोठ्या कुत्र्यालाही तो चालतो, फक्त जुनी सवय मोडण्यात वेळ जातो. टप्पे मात्र गाळू नका. 'घरात सगळं ऐकतं, बाहेर काहीच ऐकत नाही' ही तक्रार जवळजवळ नेहमी मधला टप्पा गाळल्यामुळे येते.

## सुरू करण्याआधी: पिल्लू शिकण्याच्या स्थितीत आहे का?

पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपतात. झोप अपुरी राहिली की ती मलूल दिसण्याऐवजी उलट घरभर सुसाट धावतात, पायाला चावतात, पँट ओढतात. ही वेळ शिकवण्याची नव्हे, शांत कोपऱ्यात झोपवण्याची. धडा घ्यायचा तो झोप काढून उठल्यावर, शी-शू उरकल्यावर आणि दोन मिनिटं हुंदडून झाल्यावर. जेवणाआधीची वेळ सगळ्यांत चांगली. पण पोटात अगदी कावळे ओरडत असतील तर पिल्लू खाऊवर झडप घालतं आणि डोकं चालवत नाही. मग आधी चार दाणे खायला घाला, नंतर सुरुवात करा.

शरीरही तपासा. बसताना एक पाय बाजूला टाकणं, बसता बसता मध्येच उठणं, जिना टाळणं ही कंबर, गुडघा किंवा खुबा दुखत असल्याची लक्षणं असू शकतात. सारखं डोकं झटकणारं, कान खाजवणारं पिल्लू कानाच्या दुखण्याने बेजार असेल. हाकेला कधीच वळत नसेल, तर ते पाठमोरं असताना दुसऱ्या खोलीतून आवाज करून पाहा. जवळ उभं राहून टाळी वाजवली तर जमिनीचा हादरा आणि हवेचा झोतही त्याला जाणवतो, त्यामुळे ती चाचणी फसवी ठरते. शंका आली तर आधी पशुवैद्य, मग शिकवणी.

तपासा: फरशी गुळगुळीत आहे का? पंजे घसरतात म्हणून न बसणारी पिल्लं पुष्कळ असतात. खाली न सरकणारी चटई किंवा रबरी मॅट टाका. कित्येकदा अर्धा 'हट्ट' तिथेच संपतो.

## टप्पा १: सामान जमवा, शब्द ठरवा

खाऊ. तुकडा मटाराच्या दाण्याएवढा, पिल्लू लहान चणीचं असेल तर त्याच्याही निम्मा. मऊ हवा. कडक बिस्किट चावण्यात आठ-दहा सेकंद जातात, चुरा जमिनीवर पडतो, पिल्लू तो हुंगत बसतं आणि धड्याची लय तुटते. तीन मिनिटांच्या धड्याला २५-३० तुकडे लागतात, ते आधीच मोजून ठेवा. हातात तीन दर्जाचा खाऊ असावा: सोप्या कामाला रोजचं कोरडं खाद्य, नव्या कामाला मऊ ट्रीट आणि घराबाहेरच्या अवघड कामाला बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन. दिवसभरातला हा खाऊ एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. कोरडं खाद्य वापरत असाल तर ते त्याच्या वाटीतूनच काढून घ्या.

सावध: चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेले 'शुगर-फ्री' पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत. बक्षीस म्हणून यांतला कणही नको.

पट्टे. गळ्यात साधा सपाट पट्टा, अंगाला नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा), दीड-दोन मीटरचा लीश (फिरवताना हातात धरायची दोरी) आणि 'ये' शिकवण्यासाठी ५ ते १० मीटरची लांब दोरी. आवळणारी साखळी, आतून काटे असलेला पट्टा यांना या वयात काहीच काम नाही. दुखलं की पिल्लू थबकतं एवढंच, शिकत काही नाही.

शब्द. इथे मराठी घरांत हमखास घोळ होतो. आपण दिवसभर एकमेकांना 'बस', 'ये', 'थांब' म्हणत असतो. 'बास' आणि 'बस' पिल्लाच्या कानाला सारखेच लागतात. आई 'बस' म्हणते, मुलगा 'बैस', बाबा 'खाली बस', आणि तोच 'खाली' सोफ्यावरून उतरवतानाही वापरला जातो. पिल्लाने समजायचं काय? कागदावर यादी करा आणि सगळ्यांना दिसेल अशी लावा:

- बस: बूड जमिनीला
- झोप: कोपरं आणि पोट जमिनीला
- उतर: सोफ्यावरून किंवा माणसाच्या अंगावरून खाली
- थांब: सोडेपर्यंत आहे तिथेच, आहे तसंच
- ये (नेहमी नावासकट): हाताला लागेल इतकं जवळ
- राहू दे: त्याला तोंड लावू नकोस
- सोड: तोंडात आहे ते टाक
- सुट्टी: काम संपलं, मोकळा
- येस: बरोबर! खाऊ येतोय

'बस' आणि 'बास' यांचा गोंधळ टाळायचा तर घरात 'बास'ऐवजी 'पुरे' म्हणा, किंवा पिल्लासाठी 'सिट' वापरा. कुत्र्याला भाषेशी देणं-घेणं नाही. शब्द एकच हवा आणि तो सगळ्यांच्या तोंडी तसाच हवा.

## टप्पा २: 'येस'ला किंमत आणा

खाऊ तोंडात पडेपर्यंत पिल्लू एव्हाना उठलेलं असतं, भुंकलेलं असतं, मान वळवून बसलेलं असतं. त्याला वाटतं बक्षीस त्याचंच. म्हणून नेमका क्षण टिपायला एक छोटा शब्द लागतो. क्लिकर (दाबलं की टिक् वाजणारी छोटी डबी) असेल तर उत्तम, नसेल तर 'येस'.

1. शांत खोलीत पिल्लासमोर बसा. त्याच्याकडून काहीही मागू नका.
2. 'येस' म्हणा. एका सेकंदाच्या आत खाऊ द्या.
3. असं १५-२० वेळा करा, दोन धड्यांत वाटून.
4. मग तीच रीत नावाला लावा: नाव घ्या, पिल्लाने पाहिलं की 'येस', खाऊ.

इथे चूक हाताची होते. 'येस' म्हणता म्हणता हात पिशवीकडे निघतो, पिल्लू हात बघतं आणि शब्द कानावरून जातो. आधी शब्द, मग हात. मधे पापणी लवेल एवढं अंतर पुरे.

तपासा: पिल्लू दुसरीकडे बघत असताना हळूच 'येस' म्हणा. मान झटकन वळली तर पुढे जा. नाही वळली तर आणखी एक धडा हेच.

सावध: नाव घेऊन रागावू नका. नावाचा रागाशी संबंध जुळला की हाक ऐकून पिल्लू लांब पळायला शिकतं.

## टप्पा ३: 'बस'

हा टप्पा सावकाश करा. पुढचे सगळे शब्द याच साच्यातून निघतात.

### पहिला भाग: शब्दाशिवाय

1. पिल्लू लहान असेल तर गुडघ्यावर बसा. वरून वाकलात तर ते दबून मागे सरकतं.
2. खाऊ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरा, तळहात वर. चिमूट त्याच्या नाकाला जवळपास टेकवा.
3. आता हात नाकापासून दोन कानांच्या मधल्या जागेकडे, कपाळाला घासून जाईल इतक्या खालून, सावकाश मागे न्या. नाक वर उचललं जातं, मान मागे जाते, तोल सांभाळायला बूड खाली येतं.
4. बूड टेकलं त्या क्षणी 'येस'. खाऊ बसलेल्या स्थितीतच, तोंडाच्या उंचीवर द्या. हात उंच धरलात तर घ्यायला ते उठेल आणि उठण्याचंच बक्षीस होईल.
5. दुसरा तुकडा दोन हात लांब टाका. तो आणायला पिल्लू आपोआप उठतं आणि पुढच्या फेरीला तयार होतं.

बसत नसेल तर आधी हात कुठे चुकतोय ते पाहा. पुढचे पाय उचलून उडी मारत असेल तर हात उंच जातोय. मागे मागे चालत असेल तर हात घाईत आहे. अशा वेळी भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा, मागे जायला वावच ठेवू नका. गोल फिरत असेल तर हात बाजूला ढळतोय. बोटांना चावत असेल तर खाऊ जास्तच मोहक आहे, एक दर्जा खाली या.

सावध: बूड हाताने दाबून बसवू नका. दाबलं की पिल्लू उलट जोर लावतं, आणि त्याचा खुबा व कंबर अजून कोवळी असतात.

### दुसरा भाग: हातातला खाऊ काढा

'खाऊ दाखवला तरच ऐकतं' अशी ख्याती असलेलं पिल्लू या भागात बिघडलेलं असतं. चिमटीत खाऊ धरून तीन ते पाच वेळाच करा. त्यानंतर रिकामी चिमूट, हालचाल तीच. पिल्लू बसलं की 'येस' आणि खाऊ दुसऱ्या हातातून किंवा कमरेच्या पिशवीतून. खाऊ कामानंतर येतो, कामाआधी दिसत नाही, हे याच वयात बिंबायला हवं. दोन आठवडे खाऊ नाचवून दाखवलात तर पिल्लू आधी हातात काय आहे ते पाहील आणि मग बसायचं की नाही ते ठरवेल.

### तिसरा भाग: शब्द जोडा

रिकाम्या हाताच्या खुणेवर १० पैकी ८ वेळा बसू लागलं की शब्द आणायचा. त्याआधी 'बस' म्हणणं म्हणजे पिल्लू इकडेतिकडे करत असताना त्याला 'बस' हे नाव देणं.

1. 'बस' म्हणा. एकदाच, नेहमीच्या आवाजात, हात अजिबात न हलवता.
2. एक सेकंद थांबा.
3. मग हाताची खूण.
4. बसलं की 'येस', खाऊ.

शब्द आणि खूण एकाच वेळी आले तर शब्द वाया जातो. कुत्रा माणसाच्या आवाजाआधी त्याचं शरीर वाचतो, आणि खुणेवरूनच काम भागत असेल तर शब्दाकडे लक्ष देण्याचं त्याला कारण उरत नाही. शब्द आधी आला तरच तो पुढच्या खुणेची वर्दी ठरतो.

अशा ३०-४० फेऱ्या तीन-चार दिवसांत करा. मग एकदा 'बस' म्हणून दोन-तीन सेकंद निश्चल उभे राहा. पिल्लू तुमच्याकडे बघेल, मान तिरकी करेल आणि एखादे वेळी बूड अर्ध्यावर आणून थबकेल. थांबा, घाई करू नका. बसलं तर चार-पाच तुकडे एकामागून एक द्या. नाही बसलं तर खूण करा, पण शब्द पुन्हा उच्चारू नका.

शब्द एकदाच, मग काय करायचं? मनात तीनपर्यंत मोजा. काही झालं नाही तर दोन पावलं बाजूला व्हा, पिल्लाला मागे येऊ द्या आणि काम सोपं करून पुन्हा मागा. दोनदा फसलं तर तिसऱ्यांदा तेच मागू नका. पातळी अवघड झाली आहे.

तपासा: खुर्चीत बसून, हात पाठीमागे धरून, नंतर पाठमोरं होऊन 'बस' म्हणून पाहा. यांत फसलं तर पिल्लाला तुमची उभी राहण्याची ढब ओळखता येते, शब्द अजून येत नाही. पुन्हा तिसरा भाग.

## टप्पा ४: 'झोप'

बसलेल्या स्थितीतून सुरू करा. चिमूट नाकापासून सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मधे जमिनीपर्यंत न्या आणि तिथेच धरून ठेवा. बहुतेक पिल्लं दोन-चार सेकंद बोटं चाटतात, मग एक कोपर टेकतं, मग दुसरं. हात पुढे ओढलात तर ते उठून चालू लागतं. कोपरं टेकण्याच्या बेतात असली तरच हात बोटभर पुढे सरकवा. खाऊ जमिनीवर, पंजांच्या मधे ठेवा. वरून दिलात तर उठणारच.

अजिबात खाली होत नसेल तर जमिनीवर बसून एक गुडघा वाकवा आणि त्याच्या खालून खाऊ न्या. पलीकडे जायला पिल्लाला सरपटावं लागतं, पोट टेकलं की 'येस'. विरळ केसांची, काटक पिल्लं थंड फरशीवर पोट टेकायला नाखूश असतात, त्यांना जाड चटई द्या. एवढं करूनही अडलं तर दिवसभरात ते आपणहून आडवं होतं ते क्षण पकडा. 'येस', खाऊ, दिवसाला दहा वेळा. वेळ लागतो, पण फार अडेल पिल्लांना हाच मार्ग लवकर पोचवतो.

हातातला खाऊ काढणं आणि शब्द जोडणं 'बस'सारखंच.

तपासा: 'बस' आणि 'झोप' आलटून पालटून मागा, क्रम बदलत. बस-झोप-बस-झोप असं ठरीव चक्र फिरवलंत तर पिल्लू चक्रच पाठ करतं आणि तुम्ही 'बस' म्हणण्याआधीच आडवं होतं.

## टप्पा ५: 'थांब' आणि 'सुट्टी'

'थांब' कधी संपतं हे सांगितलं नाही तर ते संपवण्याचा निर्णय पिल्लू घेतं. म्हणून 'सुट्टी' आधी शिकवा: बसवा, खाऊ द्या, 'सुट्टी' म्हणून आनंदाने दोन पावलं पळा. ते उठून मागे येतं. झालं.

पुढे तीन गोष्टी वाढवायच्या असतात: वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड. एका वेळी एकच वाढवा. एक वाढवताना बाकीच्या दोन कमी करा.

वेळ आधी. समोरच उभे राहा. १ सेकंद, २, ३, ५. प्रत्येक वेळी बसलेलं असतानाच खाऊ, मग 'सुट्टी'. १० सेकंदांपर्यंत पोचलात की आकडे विस्कटा: ३, ८, २, १०, ५. दर वेळी आधीपेक्षा अवघडच मागत गेलात तर पिल्लू कंटाळून उठतं.

मग अंतर. अर्धं पाऊल मागे, लगेच परत, खाऊ. मग एक पाऊल. पाठ फिरवणं ही वेगळी पायरी आहे, ती सगळ्यांत शेवटी.

बक्षीस नेहमी पिल्लाच्या जागेवर. पहिले काही आठवडे 'थांब'मधून 'ये' म्हणून बोलावू नका. खाऊ तुमच्यापाशी मिळतो हे कळलं की ते तुमच्याकडे सरकायला लागतं, आधी बूड घासत, मग उघड उघड.

मोडलं तर रागवायचं नाही, 'अं-हं' असं हाकारायचंही नाही. शांतपणे मूळ जागी आणा आणि वेळ किंवा अंतर निम्मं करा. तिसऱ्या सेकंदाला उठत असेल तर दुसऱ्या सेकंदाला खाऊ द्यायला हवा होता.

सावध: सकाळी दाराशी पिल्लाला 'थांब हं' म्हणून दिवसभरासाठी निघून जाणं ही या शब्दाची सर्वांत जलद नासाडी. निरोपाला दुसरं काहीही म्हणा.

## टप्पा ६: 'ये'

एखादे दिवशी रस्त्यावर याच शब्दाने पिल्लाचा जीव वाचतो, आणि घरोघरी सगळ्यांत बिघडलेलाही हाच असतो. कारण साधं आहे. अंघोळीला 'ये', नखं कापायला 'ये', मजा चालू असताना मैदानातून घरी न्यायला 'ये'. चार दिवसांत पिल्लाचा हिशेब पक्का होतो: गेलो की मजा संपते.

दोन नियम आधी. नावडतं काम असेल तर 'ये' म्हणू नका, स्वतः जाऊन घेऊन या. आणि येण्याची खात्री नसेल तर हाकच मारू नका.

1. घरात, दोन मीटरवरून. नाव घ्या, बघितलं की 'ये' म्हणा आणि लगबगीने दोन-तीन पावलं मागे जा. मागे जाणारा माणूस पिल्लाला पाठलागाचं निमंत्रण वाटतो.
2. जवळ आलं की 'येस'. खाऊ तुमच्या पायाशी, शरीराला चिकटून द्या. हात लांब करून दिलात तर ते हाताच्या अंतरावरूनच खाऊ हिसकून पळायला शिकतं.
3. खाऊ देण्याआधी दुसऱ्या हाताने गळपट्टा हलकेच धरा. पट्टा, मग खाऊ, याच क्रमाने. पट्ट्याकडे हात येताच निसटणारी पिल्लं इथे हयगय झाल्यामुळे तयार होतात.
4. 'सुट्टी' म्हणून पुन्हा खेळायला सोडा. १० पैकी ९ वेळा तरी येण्याचा शेवट मोकळं सुटण्यात व्हायला हवा.
5. दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलावा. मग वेगवेगळ्या खोल्यांतून.
6. बाहेर लांब दोरीवर. दोरी हार्नेसला अडकवा. गळपट्ट्याला लावलीत तर धावत्या पिल्लाच्या मानेला हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं अडकतात. जमिनीवर लोळू द्या आणि गरज पडली तर पाय ठेवा.

बोलावल्यावर आलं नाही तर? दुसऱ्यांदा हाक नाही, पाठलाग तर मुळीच नाही. पाठलाग त्याच्या लेखी खेळच आहे, आणि त्यात ते तुमच्यापेक्षा सरस आहे. उलट दिशेला पळा, उकिडवे बसून जमिनीवर काहीतरी सापडल्याचा आव आणा, ओठांनी चुटचुट आवाज काढा. तेवढ्यानेही नाही आलं तर दोरी हळूहळू गोळा करत त्याच्यापर्यंत जा आणि पुढच्या वेळी निम्म्या अंतरावरून बोलवा.

दहा मिनिटं नाचवून शेवटी आलं तरी खाऊ आणि लाड. मनातून कितीही चिडलेले असा, रागावलात तर शिक्षा पळण्याला लागत नाही, येण्याला लागते.

तपासा: 'ये' ऐकून पिल्लू दुडक्या चालीने, कान मागे पाडून, वाटेत हुंगत येतंय का? शब्दाला वाईट चव लागली आहे. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा शब्द घ्या, 'इकडे' किंवा शिट्टी, आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.

## टप्पा ७: 'राहू दे' आणि 'सोड'

राहू दे. मुठीत खाऊ घ्या आणि मूठ पिल्लासमोर धरा. ते चाटेल, खाजवेल, कुरतडेल. काही बोलू नका, मूठ उघडू नका. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी 'येस', आणि *दुसऱ्या* हातातून खाऊ. मग उघडा तळहात, मग जमिनीवर पायाखाली झाकलेला तुकडा, मग उघडा तुकडा. शब्द नेहमीप्रमाणे नंतर. 'राहू दे' म्हटलेला तुकडा शेवटी त्यालाच देऊन टाकणं ही मोहात पाडणारी चूक. जमिनीवरची वस्तू थोडं थांबलं की मिळते, असा त्याचा अर्थ होतो.

सोड. तोंडात खेळणं असताना नाकापाशी त्याहून चांगला खाऊ धरा. तोंड उघडलं की 'येस', खाऊ द्या आणि खेळणंही परत द्या. वस्तू दिली तरी गमवावी लागत नाही हा विश्वास बसला की चप्पलही सहज मिळते. जबडा फाकून काढून घेणाऱ्या घरांत पिल्लं वस्तू घेऊन पलंगाखाली शिरतात, नाहीतर घाईघाईत गिळून टाकतात.

सावध: वस्तूवर किंवा वाटीवर गुरगुरत असेल, अंग ताठ करत असेल तर हात मागे घ्या. गुरगुरणं ही सूचना आहे, ती दाबून टाकली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा येतो. अशा पिल्लासाठी मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाची मदत लवकर घ्या.

## टप्पा ८: घराबाहेर तेच काम

स्वयंपाकघरात शिकलेलं 'बस' पिल्लाच्या लेखी स्वयंपाकघरातलं 'बस' असतं. जागा बदलली की धडा नव्याने द्यावा लागतो. जागा या क्रमाने बदला: दुसरी खोली, दाराबाहेर, शांत मोकळी जागा, लांबवर माणसं, लांबवर कुत्री, मग गर्दी. नव्या जागी पहिले दोन दिवस हाताच्या खुणेपासून सुरू करा आणि खाऊचा दर्जा वाढवा.

१० पैकी ८ बरोबर आले तर पुढची जागा. ५ ते ७ आले तर इथेच राहा. ५ पेक्षा कमी असतील तर मागच्या जागी या. अंदाजावर जाऊ नका, मोजा. आपल्याला नेमकी फसलेली वेळ आठवते किंवा नेमकी जमलेली.

खाऊ नाकाशी नेऊनही घेत नसेल, तर ते त्या क्षणी शिकू शकत नाही. खूप घाबरलंय किंवा खूप चेकाळलंय. दहा-वीस पावलं लांब जा, मग पुन्हा देऊन पाहा.

सावध: लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. उचलून घेऊन बाहेरचं जग दाखवता येतं आणि दाखवावंही, कारण नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याचं वय साधारण १४ आठवड्यांपर्यंतचंच असतं. सुरुवात कधी करायची ते पशुवैद्याला विचारा.

## रोजचं वेळापत्रक आणि पुढे येणारे अडथळे

दिवसातून तीन-चार धडे, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटं. एका धड्यात एकच नवं काम. रविवारी सलग तासभर घेऊन आठवड्याची भरपाई होत नाही, पाचव्या मिनिटानंतर पिल्लू निघून गेलेलं असतं, फक्त अंगाने समोर असतं. जमलेल्या सोप्या कामावर धडा संपवा.

साधारण ४ ते ६ महिन्यांत दात पडतात, हिरड्या दुखतात आणि कडक खाऊ नकोसा होतो. मऊ द्या. ६ महिन्यांपुढे वयात येताना काल आलेलं आज विसरल्यासारखं दिसतं, 'ये' सगळ्यांत आधी ढासळतं. लांब दोरी पुन्हा काढा आणि टप्पा ६ तिसऱ्या पायरीपासून उजळून घ्या. काही महिने असेच जातात.

खाऊ एकदम बंद करू नका. काम पक्कं झालं की आधी दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी द्या, तेही ठरावीक क्रमाने नको. मधल्या जागा दुसऱ्या बक्षिसांनी भरा: 'बस' केलं की दार उघडतं, 'थांब' केलं की वाटी खाली येते, 'सोड' म्हटल्यावर दिलं की चेंडू पुन्हा फेकला जातो. 'ये'ला मात्र खाऊची कंजुषी वर्षभर तरी नको.